चित्त्याने न चावलेला दोर

१

निलंग्यात सिद्रामप्पाच्या तेलघाण्याच्या आवारात एक छकडा उभा होता आणि छकड्याच्या चाकाला हातभर दोर लोंबत होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला चित्ता असायला हवा होता. चित्ता नव्हता.

ही निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा एक जहागीरदार होते. लोक त्यांना नवाबसाहेब म्हणत, आणि ते जवळपास असले तर जरा वाकून म्हणत. त्यांना काळविटाच्या शिकारीचा शौक. पण बंदुकीनं पाडलेलं काळवीट त्यांना फिकं लागे. चित्त्यानं धावत जाऊन धरलं तरच मजा. म्हणून त्यांनी थेट आफ्रिकेतून चित्त्याची एक मादी मागवली. तिचं नाव जरीना. बोटीवर म्हणे ती कप्तानाच्या खोलीत झोपायची आणि कप्तान बाहेर. असं लोक सांगतात. त्या लोकांत मीही आहे.

तिला शिकारीला न्यायची रीत ठरलेली. बैलांच्या छकड्यावर सतरंजी, सतरंजीवर जरीना आणि जरीनाच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी. टोपी असली की ती बसवाल तिथं बसे, न्याल तिकडं येई. काळविटांचा कळप छकड्याला भीत नाही. रोजचेच बैल, रोजचाच गाडीवान म्हणून चरत राहतो. जवळ गेलं की टोपी काढायची, पुढचं जरीना बघे.

तिला सांभाळणारा वाजिद. त्या पहाटे त्यानं तिला चाकाला बांधलं, टोपी नीट बसली का ते बोटांनी चाचपलं आणि तो फजरच्या नमाजाला गेला. येताना मशिदीबाहेर कपभर चहा घेतला. त्याचं काही चुकलं असेल तर तो चहा. परत येऊन बघतो तो दोराचं टोक चघळून चोथा झालेलं, ओलं, पिंजलेलं.

वाजिद ओरडला नाही. गाडीवान मलप्पा ओरडला, आणि असा ओरडला की अर्ध्या गावाची दारं आपोआप लागली. बाया घागरी विहिरीवर टाकून पळाल्या. तालमीतले पैलवान माळ्यावर चढले आणि त्यांनी शिडी वर ओढून घेतली.

नवाबसाहेब आवारातल्याच आपल्या छावणीच्या तंबूतून आले. दोर हातात न घेताच त्यांनी पाहिला.

"एकदा दोर चावलेलं जनावर पुन्हा बांधता येत नाही," ते म्हणाले. "वस्ती जवळ आहे. उद्या सूर्य बुडायच्या आत दिसेल तिथं गोळी घाला. याला चावडीत बसवा. ती मेल्यावर याचं बघू."

वाजिदनं एवढंच विचारलं, "हुजूर, गोळी घालायची तर मला घालू द्या. दुसरा माणूस जवळ आला तर ती भिऊन जाईल."

बंदूकवाले ज्वारीच्या शेतांकडे निघाले.

२

लवाजम्यात घोड्यांसाठी म्हणून नांदेडहून आणलेले एक सलोत्री होते. सलोत्री म्हणजे जनावरांचे डॉक्टर. नाव वसंतराव. बैलाच्या तोंडात ते खांद्यापर्यंत हात घालत, पण जरीनाचा छकडा समोरून आला की ते रस्ता बदलत. मांस खाणाऱ्या जनावरांशी त्यांची ओळख एवढीच, की त्यांच्या नांदेडच्या टेबलावर बिबट्याची एक कवटी होती आणि तिच्या सुळ्याला ते रोज रात्री चष्मा अडकवत.

सगळे शेतांकडे गेल्यावर वसंतराव दोरापाशी उकिडवे बसले. त्यांनी टोकाचे तंतू उलगडले, वास घेतला, पुन्हा घेतला. मग छकड्याखाली रांगून आले आणि धोतराचे गुडघे न झटकताच चावडीत गेले.

"वाजिद, जरीना खाते कशी?"

"डाक्टरसाब, आता हे कशाला?"

"सांग."

"मान वाकडी करून. गालाच्या बाजूनं तुकडा कातरती अन् तसाच गिळती. मी लई डाव म्हणलो तिला, बेटी, जरा चावून खा, पोट दुखंल. ऐकत न्हाई."

"ऐकेल कशी? तिला चावता येतच नाही." वसंतरावांनी दोराचं टोक त्याच्यापुढे धरलं. "तिच्या जातीला पुढं सुळे असतात, शिकार धरून ठेवायला. बाजूला अडकित्ता. वरचा दात खालच्या दाताला घासून खाली उतरतो आणि मांस कातरतो. दळायला सपाट दाढा नसतात. जबडा वरखाली होतो, आडवा सरकत नाही. तिनं हा दोर तोडला असता तर कातरून तोडला असता. हा कातरलेला दिसतो का? हा दळलाय. आणि चोथ्याच्या जरा मागं बघ, पुढच्या दातांच्या खुणा आहेत, पण एकाच बाजूला. दुसरी बाजू नुसती चेपलीय."

"मग?"

"गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढं दात नसतात, आणि ह्या खुणा शेळीच्या मानानं रुंद आहेत. हा दोर गवत खाणाऱ्या जनावरानं चघळलाय. वासही पेंडीचा येतोय."

वाजिदनं दोराचा चोथा बोटांनी चाचपला. "चित्ता बसलेला असताना गाय येऊन दोर चघळंल, डाक्टरसाब?"

"नाही चघळणार. म्हणजे आधी जरीना गेली आणि मग दोर चघळला गेला. अजून एक. टोपी डोळ्यांवर असताना ती पळेल?"

"पाऊल उचलत न्हाई. आधी पंजानं टोपी काढंल."

"मग टोपी आवारात पडलेली हवी. मी छकड्याखाली शोधून आलो. दाराशी शेजाऱ्याच्या शेळ्या बांधल्यात, त्यांच्या अंगाला ओरखडा नाही. जरीना सुटली नाही, वाजिद. कुणीतरी तिला टोपीसकट धरून नेलं, आणि ती सुटली असं वाटावं म्हणून हा दोर चघळवला."

बाहेर, ज्वारीच्या बाजूला, बंदुकीचा बार झाला. पाठोपाठ अजून दोन. वाजिद भिंतीला धरून उठला. पहारेकऱ्यानं त्याला खाली बसवलं, पण त्याच्या दंडावरचा आपला हात लगेच काढला नाही.

३

रंगाऱ्याच्या कुंपणावर एक पिवळं लुगडं वाळत होतं, काळ्या बुट्ट्यांचं. वाऱ्यानं ते उठून बसलं आणि बंदूकवाल्यांनी त्याला ठार केलं. पुढे कित्येक वर्षं ते लुगडं नेसणारी बाई तीन भोकं दाखवून सांगायची की मी चित्त्यातून वाचले.

गाव हसलं, पण दारं कुणी उघडली नाहीत.

वसंतराव नवाबसाहेबांकडे गेले. दोर पुढे धरून त्यांनी सांगितलं की जरीना सुटली नाही, तिला कुणीतरी नेलंय. नवाबसाहेबांनी हुक्क्याची नळी बाजूला केली.

"कुणी नेली?"

"शोधतो, हुजूर. तोवर बंदुका..."

"बंदुका थांबणार नाहीत. तुम्ही शोधा. नाही सापडली तर वाजिदशेजारी चावडीत जागा आहे."

वसंतराव तंबूतून निघाले. तिथून आले ते सरळ मलप्पाकडे. मलप्पा छकड्याखाली अंथरूण टाकत होता.

"मलप्पा, पहाटे कुठं होतास?"

"नदीला. अन् मी न्हाई नेलो, साहेब. माझ्या बैलांच्या पाठीमागं ती बसती तर त्यांचं शेण पातळ होतंय. ती जावी असं म्या रोज म्हणू राहिलो, खरं हाय. पण ठेवू कुठं? माझं घर म्हंजे हे चाक."

सिद्रामप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी घाण्यापाशी भेटला. नवाबसाहेबांच्या सगळ्या जहागिरीला दिव्याचं तेल आपल्याच घाण्यावरून जावं, एवढ्यासाठी त्यानं छावणी आवारात उतरवून घेतली होती. आता त्याला घाम फुटला होता.

"डॉक्टरसाहेब, माझ्याच आवारातून गेली म्हणजे नाव माझंच. गेलं माझं तेल. आमच्या आईचा, अव्वाचा, तर कालपासून जीव थाऱ्यावर न्हाई. काल सकाळपासून पाण्यावर हाय, घास घेत न्हाई. मला तर आज भूकच लई लागू राहिली, भीतीनं. त्यात भुशाच्या बळदात पाखरं शिरलीत, चिवचिव करून डोकं उठवू राहिलीत. अन् अव्वा म्हणती, तू तिकडं जाऊ नको, भुसा अंगावर येतंय."

पहिला दिवस गेला होता आणि वसंतरावांच्या हाती दोरापलीकडे काही नव्हतं. उन्हं चढत होती. बंदूकवाले आता नाल्याच्या बाजूला उतरले होते, आणि त्यांच्यासोबत निम्मं गाव डबे बडवत निघालं होतं.

४

माणसं खोटं बोलतात म्हणून वसंतरावांनी जनावरांची तोंडं उघडायची ठरवलं. गावात लाळ-खुरकत आलीय, तपासणी करतो, अशी थाप मारली. ती लगेच पटली. त्या दिवशी निलंग्यात कुठलीही वाईट बातमी पटत होती.

मलप्पाचे दोन्ही बैल चौसे, म्हणजे चार पक्के दात आलेले, तरणे. पुढचे दात भिंतीच्या विटांसारखे एकाला एक लागून. दोरावरच्या खुणा मात्र तशा नव्हत्या. मधे एक फट होती, एका दाताएवढी. वसंतरावांनी बैलांची तोंडं मिटली. मलप्पानं सुटकेचा श्वास टाकला आणि बैलांच्या कानात काहीतरी सांगितलं.

घाण्याचा बैल पहाटेपासून फिरत असे, डोळ्यांना झापड आणि तोंडाला मुसकं. मुसक्यातून दोर चघळता येत नाही. तोही सुटला.

राहिली गोठ्यातली चंद्री गाय. सिद्रामप्पाची आई, गौरम्मा, तिच्यापाशी बसून पेंड भिजवत होती. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, चेहरा एका दिवसात ओढलेला. काल तिनंच वसंतरावांना तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत ताक पाजलं होतं.

"चंद्रीचं तोंड कशाला बघू राहिलास, तम्मा? म्हातारी हाय ती, माझ्यावाणी."

"एकदा बघू द्या, अक्का."

वसंतराव पुढं झाले. चंद्रीनं मान अशी झाडली की त्यांची टोपी गव्हाणीत गेली.

"दुसऱ्याला हात लावू देत न्हाई ती. दावं बी मीच सोडती. सिद्रामला गुदस्ता लाथ घातली, अजून लंगडतोय." गौरम्मानं स्वतः गाईचा ओठ खाली ओढला.

खालच्या ओळीत मधे एक फट होती. एका दाताएवढी.

वसंतरावांनी टोपी उचलली. तिच्यावरची पेंड झटकायचं त्यांना सुचलं नाही. दूर नाल्याकडे डबे वाजत होते.

५

गाय गौरम्माची, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातानं सुटत नाही. पण सत्तरीला आलेल्या बाईनं, जिच्या घरात सात पिढ्यांत अंडंसुद्धा आलं नाही, तिनं चित्ता न्यावा, हे वसंतरावांच्या मनाला पटेना. ते पाशामियाँच्या दुकानात जाऊन बसले. पाशामियाँ खाटीक, जरीनाचं मटण त्याच्याकडून वेठीला जाई.

"पाशामियाँ, कालपासून कुणी जास्तीचं मटण नेलं?"

"कोण नेतंय, साब? भीतीनं गिऱ्हाईकच न्हाई. नवाबसाहेबांचा खानसामा सोडला तर ह्या फळीपुढं एक मांजर उभं हाय."

मांजर खरंच उभं होतं. फेकलेला शिरांचा तुकडा ते मान कलती करून गालाच्या दातांनी कातरत होतं. वसंतराव त्याच्याकडे बघत राहिले. कालपासून एक दिवस आणि वर अर्धा. जरीनाला काहीतरी खायला द्यावंच लागणार. मटण कुठं गेलेलं नाही. म्हणजे जिथं ती आहे तिथं मटण जात नाही. तिथं मटण नेलं असतं तर गल्लीत बोभाटा झाला असता. आणि त्या घरात एक बाई कालपासून जेवलेली नाही.

"पाशामियाँ, गौरक्का उपास करतात का हो?"

"त्यांचं एक हाय. दारातलं जनावर उपाशी असंल तर त्या घास घेत न्हाईत. मागं त्यांचं वासरू आजारी होतं तेव्हा वासरानं तोंड लावलं, मग ह्या जेवल्या. सगळ्या गल्लीला ठाऊक हाय."

वसंतराव उठले ते चावडीत धावतच गेले. धोतर आवरत, धाप लागलेली.

"वाजिद, जरीना ओरडते कशी? वाघासारखी?"

"न्हाई साब. तिला डरकाळीच न्हाई. भूक लागली की पाखरावाणी चिवचिवती. ऐकणाऱ्याला वाटंल, चिमण्या शिरल्या."

सूर्य चिंचेच्या शेंड्याला टेकला होता.

६

बळद म्हणजे घराच्या आतल्या अंगाला असलेली भुसा-धान्याची बंद खोली; एक दार, वर एक झरोका. त्या दाराला पाठ लावून गौरम्मा बसली होती. मांडीजवळ दूधभाकरीचा वाडगा, शेजारी तूप घातलेली पुरणपोळी. आतून चिवचिव येत होती, पण मधे मधे थांबत होती.

"आलास, तम्मा," ती म्हणाली. "बस."

"अक्का, का?"

"माझ्या मळ्यात दगडाची डोण हाय. चैतापासून मी रोज भरती. काळविटं येतात पाण्याला. पिल्लं बी असतात. मी पाणी पाजायचं अन् ह्या लोकांनी त्याच वाटेवर हिला सोडायची? सिद्रामला म्हणलं, छावणी उतरवू नको. त्याला तेल दिसलं."

"आणि दोर?"

"विळ्यानं कापला असता तर माणसाचं काम म्हणून दिसलं असतं. म्हणून कापल्यावर टोकाला मीठ-पेंड लावून चंद्रीला आणून उभी केली. जनावर दोर चावतंय म्हंजे असंच की. मी दुसरं कधी बघितलं न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "वाटलं, जनावर सुटलं तर जनावराचा गुन्हा. वाजिदला धरतील हे ध्यानात आलं न्हाई. आलं तवा जीभ उचलंना. सिद्रामचं घर जाईल, तम्मा. अन् न बोलावं तर त्या वाजिदच्या गळ्याला दोर."

"तिनं काही खाल्लं?"

"तूप चाटलं. मी टोपी काढून समोर सगळं मांडलं, काल दूधभाकर, आज पुरण. वास घेती अन् माझ्याकडं बघती. आता आत जायला भ्या वाटू राहिलं. इतकी हट्टी कशी रे? लहानपणापासून वाईट सवय लावली असंल."

वसंतरावांनी तिच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता उचलला. "अक्का, सुपारी कशानं कातरता?"

"ह्यानंच."

"आणि ज्वारी?"

"जात्यावर."

"ज्वारी अडकित्त्यात घातली तर?"

"पीठ होईल का त्याचं? येड्यावाणी काय विचारू राहिलास."

"चंद्रीच्या तोंडात जातं आहे. हिच्या तोंडात नुसता अडकित्ता. जातं नाहीच. तुम्ही पुढं पंचपक्वान्न मांडलं तरी तिला ते दळता येत नाही, आणि पोटात गेलं तरी पचत नाही. सवय नाही ही, अक्का. ती आहेच तशी."

गौरम्मा दाराकडे वळून बसली. फटीतून आत बघत राहिली. चिवचिव आता अगदी बारीक झाली होती.

"म्हंजे हिला दुसरं खाताच येत न्हाई," ती हळूच म्हणाली. "अन् मी कालपासून तिला पापी म्हणू राहिले."

वाजिदला आणायला वसंतरावांनी पहारेकऱ्याला सांगितलं, चित्ता भुशात दिसलाय, तो फक्त वाजिदची हाक ओळखतो. वसंतरावांचा निरोप मिळताच पाशामियाँ मटणाची हांडी घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. त्या उंबऱ्याआत तसली हांडी कधी गेली नव्हती. वाजिदही थांबला.

"घे अन् आत जा," गौरम्मा म्हणाली.

"अक्का, तुमचं घर..."

"जा म्हणलं ना. सूर्य बुडू राहिला."

वाजिद बळदात गेला. दार मागून लोटलं. टोपी नसलेली, उपाशी, दीड दिवस कोंडलेली जरीना आत होती आणि बाहेर कुणी श्वास घेत नव्हतं. भुसा सळसळला. काहीतरी भिंतीवर जोरात आदळलं. मग काहीच नाही. गौरम्मा गळ्यातलं लिंग मुठीत धरून उभी होती.

मग आतून घाणा फिरावा तशी घरघर ऐकू आली, आणि तिच्यावरून वाजिदचा आवाज: "हळू, बेटी. हळू. चावून खा."

तो बाहेर आला तेव्हा जरीनाच्या गळ्यातला उरलेला दोर त्याच्या हातात होता. त्याचं टोक विळ्यानं कापलेलं, सरळ, स्वच्छ.

७

वसंतरावांनी ते टोक चुलीत घातलं. नवाबसाहेबांपुढे मात्र चोथा झालेलं टोक ठेवलं आणि दातांचं सगळं शास्त्र सांगितलं. तोंडात बोट घालून, अडकित्ता फिरवून, शेवटी स्वतःचा जबडा आडवा सरकवून दाखवला. सांगितलं ते खरं होतं, फक्त सगळं नव्हतं: दोर गोठ्यातल्या गाईनं चघळला, चित्ता टोपीसकट भुशात गेला होता, ना जनावराचा दोष, ना वाजिदचा. गाईच्या आधी चित्ता कुणी हलवला, हे नवाबसाहेबांनी पुन्हा विचारलं नाही. वसंतरावांचा जबडा बघून त्यांना हसू आवरत नव्हतं.

"मग काय, गाईला चावडीत बसवू?"

सगळे हसले. सिद्रामप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसला. आपल्या बळदात तिला कुणी नेलं ते त्याला कधीच कळलं नाही.

"परवा शिकार," नवाबसाहेब उठता उठता म्हणाले. "वाजिद, उद्यापासून तिला उपाशी ठेव."

गौरम्मानं वाजिदला गोठ्यात गाठलं. "उपाशी कशाला?"

"पोट भरलं असंल तर चित्ता धावत न्हाई, अक्का. भूक असंल तरच जीव तोडून पळतो."

"अन् भरलं असंल तर?"

"बसून राहतो."

गौरम्मानं मळ्याच्या वाटेकडे पाहिलं. वाजिदनंही. मग तोच खाली बघत म्हणाला, "गुदस्ता एका काळविटानं तिच्या बरगडीत शिंग घातलं होतं. एवढं खोल. मी महिनाभर हळद भरली."

ठरल्या दिवशी माळावर छकडा कळपाजवळ नेला. वाजिदनं टोपी काढली. जरीनानं समोरच्या काळविटांकडे पाहिलं, सतरंजीवर पाय पसरले आणि अशी जांभई दिली की तिच्या तोंडातलं सगळं हत्यार उन्हात चमकलं. काळविटं चरत चरत तिच्या सावलीपर्यंत आली म्हणतात. मी तिथं नव्हतो, म्हणून सावलीपर्यंतच सांगतो.

नवाबसाहेबांनी वसंतरावांना बोलावलं. वसंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा जरीनाचा ओठ वर उचलला. दात बघितले.

"दातांत दोष नाही, हुजूर. निलंग्याचं पाणी जड आहे. हवा बदलावी."

"उद्या पुन्हा बघू," नवाबसाहेब म्हणाले. "मग बदलू."

त्या संध्याकाळी पाशामियाँ मागच्या दारानं झाकलेली हांडी घेऊन आला. गौरम्मानं ती स्वतः त्याच्या हातातून घेतली. तो निघेना.

"अक्का, एक विचारू? रागावू नका. काळविटाला वाचवू राहिल्या, ते चांगलंच हाय. पण बकरं बी गवतच खातंय की."

गौरम्मानं हांडीवरचं फडकं नीट केलं. बराच वेळ केलं.

"ते मला ठाऊक हाय, पाशा," ती म्हणाली. "उद्या जरा जास्त आण. आज ती एकदा उठून उभी राहिली होती."